नदीची वाट अडवणारे

धरणाखालच्या नदीत उतरायची जागा माहीत असूनही जो माणूस ती दुसऱ्याला सांगत नाही, त्याला मी मासेमार मानत नाही. तो आपमतलबी आहे, आणि त्याचा आपमतलबीपणा उद्या कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहे, पण तो मुरलेला आहे आणि त्याला कारणं आहेत.

मी अटलांटाच्या उत्तरेला राहतो. जॉन्स क्रीक, अल्फारेटा, सुवानी, कमिंग ही नावं आता पुण्या-ठाण्यातल्या पुष्कळ घरांना परकी राहिलेली नाहीत. कुणाचा मुलगा, कुणाची भाची इथं नोकरीला असते. या गावांच्या अंगणातून चॅटहूची नदी वाहते. तिच्या उशाशी ब्युफर्ड धरण आहे, १९५०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागानं बांधलेलं. धरणामागे लेक लेनियरचा अफाट जलाशय. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात तापणारी ही नदी इथं पूर्वी ट्राउट माशाची नव्हतीच. जलाशयाच्या तळाचं गारढोण पाणी जनित्रांतून खाली सोडलं जाऊ लागलं, नदी बारमाही थंड झाली आणि मग सरकारी मत्स्यबीज केंद्रातले रेनबो ट्राउट तिच्यात सोडले गेले. ब्राउन ट्राउट तर आता इथं आपली वीण आपणच वाढवतो. राज्याचा विक्रमी ब्राउन ट्राउट, २० पौंडांहून जास्त वजनाचा, २०१४ साली याच नदीत सापडला. म्हणजे धरण लोकांच्या पैशाचं, पाणी लोकांचं, मासे लोकांच्या परवाना-शुल्कावर पोसलेले. पाण्यापर्यंत जायची वाट मात्र कुणाच्या तरी मर्जीवर अवलंबून. हे मला मान्य नाही.

१९७८ साली, जिमी कार्टर अध्यक्ष असताना, धरणापासून अटलांटा शहरातल्या पीचट्री क्रीकपर्यंतचा ४८ मैलांचा पट्टा राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आला. २०१२ साली याच नदीला देशातल्या पहिल्या ‘नॅशनल वॉटर ट्रेल’चा मान मिळाला. नकाशावर ती हिरवी रेघ फार छान दिसते. प्रत्यक्षात ती सलग नाही, तुकड्यातुकड्यांची आहे: बोमन्स आयलंड, ऑर्स फेरी, सेटल्स ब्रिज, ॲबट्स ब्रिज, मेडलॉक ब्रिज, जोन्स ब्रिज, आयलंड फोर्ड. दोन तुकड्यांच्या मध्ये बंगले, राखलेली हिरवळ, गोल्फची मैदानं आणि थेट पाण्याच्या कडेपर्यंत आलेल्या ‘खाजगी मालमत्ता’ पाट्या. नवा माणूस नकाशा पाहून निघतो, गाडी लावायला जागा शोधत त्याच त्या रस्त्यावरून फिरत राहतो आणि शेवटी कुठल्या तरी पुलाशेजारी, झाडीतून कुणी तरी पाडलेल्या पायवाटेनं खाली घुसतो. त्याला वाटतं, सापडली जागा.

ती जागा कशी असते ते एकदा जवळून पाहा. लाल चिकणमातीचा उभा काठ. पाणी सारखं चढतं-उतरतं, म्हणून खालची माती खचलेली आणि वरच्या झाडांची मुळं उघडी पडून लोंबणारी. उतरताना अंगाचं वजनच खाली नेतं, त्यामुळे कोणीही कसाही पोचतो. खरी परीक्षा परत चढताना. छातीपर्यंतचे वेडर्स, त्यांवरून निथळणारं पाणी, एका हातात रॉड, आणि पुढ्यात पुरुषभर उंचीची घसरडी मातीची भिंत. बूट रोवावा तर माती बुटासकट खाली येते. हाताला मूळ लागलं तर वर, नाही तर पुन्हा पाण्यात. त्यातून तुम्ही मासे शोधत दोनशे पावलं खाली सरकलेले असता. पात्रात उभं राहून वळून पाहिलं की सगळा काठ सारखाच दिसतो, झाडीतली ती फट हरवलेली असते. अशा नदीत आत कुठूनही पडता येतं. बाहेर निघायच्या जागा मोजक्या आहेत, आणि त्या माहीत असणं म्हणजेच नदी माहीत असणं.

पुण्याच्या माणसाला धरणाच्या पाण्याबद्दल फार सांगावं लागत नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातल्या गाड्या हलवा म्हणून घोषणा होतात, आणि किती क्युसेक सोडलं हे घरोघरी बोललं जातं. पण तो विसर्ग पावसाशी बांधलेला. आभाळ भरलेलं असतं, माणूस आधीच सावध असतो. चॅटहूचीचा विसर्ग मुख्यतः विजेच्या मागणीशी बांधलेला आहे. निरभ्र आकाश, कोरडं ऊन, घरोघरी एसी सुरू झाले की दुपारी मोठी जनित्रं चालू होतात. एरवी लहान जनित्रातून साधारण ६०० क्युसेक पाणी जात असतं, पुष्कळ ठिकाणी गुडघाभर, स्वच्छ, तळाचे खडे दिसणारं. मोठी जनित्रं सुरू झाली की तोच आकडा हजारोंत जातो. मघाशी माणूस जिथं निवांत उभा होता तिथं आता कोणीही पाय टेकू शकत नाही. आणि पाणी असं गार की भर उन्हाळ्यातही त्यात पडलेल्या माणसाची बोटं थोड्याच वेळात धरायचं विसरतात. धरणापासून हायवे २०च्या पुलापर्यंतच्या जेमतेम अडीच मैलांत लाइफ जॅकेट अंगात घालणं सक्तीचं आहे, होडीत असा की पायी पाण्यात. तो नियम हौसेनं केलेला नाही.

आणि चढत्या पाण्याची ही लाट सगळीकडे एका वेळी येत नाही, हे नव्या माणसाला कुणीच सांगत नाही. धरणाच्या पायथ्याशी ती काही मिनिटांत येते. हायवे २०ला त्यानंतर. सेटल्स ब्रिजला आणखी उशिरा. वीस मैल खाली जोन्स ब्रिजला पोचायला तिला कित्येक तास लागतात. धरणावर जनित्रं बंद झाली असं ऐकून निश्चिंत झालेला माणूस जोन्स ब्रिजला नेमका चढत्या पाण्यात सापडतो. धरणाजवळचे भोंगे इतक्या दूर ऐकू येत नाहीत. पाणी सोडायचं वेळापत्रक फोनवर ऐकता येतं, संगणकावर दिसतं, आणि ते ऐनवेळी बदलूही शकतं. पण ते वेळापत्रक धरणाचं असतं. तुमच्या पायाखालच्या जागेचं गणित तुम्हाला करावं लागतं. ते गणित ज्यांना पाठ आहे तेच मूग गिळून बसतात, आणि माझा राग नेमका तिथं आहे.

एका ओळखीच्या मराठी माणसानं मला अगदी मायेनं समजावलं होतं, “अरे, सगळ्यांना सांगत बसू नकोस. आपलं आपल्यात राहू दे. उद्या सगळे येऊन उभे राहतील.” सामानाच्या दुकानातही तेच. शेकडो डॉलरचा रॉड, रीळ, वेडर्स हसतमुखानं विकतील. कुठं उतरू असं विचारलंत की आवाज बदलतो. “शोधा ना, शोधण्यातच मजा आहे.” डोंगरातल्या ओढ्यावर शोधण्यात मजा असेल. धरणाखाली शोधत फिरणारा माणूस चुकीच्या काठावरून चुकीच्या वेळी उतरतो. त्याला बूट विकणाऱ्यानं त्याची बाहेर निघायची वाट सांगितली नाही, तर त्या दुकानदाराला मी व्यापारी म्हणेन, जाणकार म्हणणार नाही.

त्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. जागा फुटली की गर्दी होते, मासे संपतात, कचरा होतो. यातला एक भाग खरा आहे. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात हातभर रुंदीचे ओढे आहेत, त्यांत इथला मूळचा ब्रूक ट्राउट कसाबसा तग धरून आहे. तसल्या ओढ्याचं नाव कुणी चारचौघांत घेतलं तर मीही त्याला गप्प करीन. पण सार्वजनिक धरणाखालची, जिच्यात मत्स्यबीज केंद्रातले मासे सोडले जातात अशी ४८ मैलांची नदी म्हणजे तो ओढा नव्हे. इथं मासे राखायला नियम आहेत. हायवे २० ते मेडलॉक ब्रिज या टापूत जिवंत आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम. याच नदीवरच्या दुसऱ्या, मॉर्गन फॉल्स धरणाच्या खाली, सोप क्रीकपासून कॉब पार्कवेच्या पुलापर्यंत १ नोव्हेंबर ते १४ मे या काळात धरलेला मासा सोडावाच लागतो. हे नियम अपुरे वाटत असतील तर अधिक कडक करा, मी पहिली सही करीन. कचरा करणाऱ्याला दंड करा. माशांचं रक्षण माणसांना अडाणी ठेवून करायचं, ही मात्र रीत नव्हे. गुपित राखल्यानं तो मासा वाचत नाही. तो फक्त गुपित जाणणाऱ्यासाठी राखीव राहतो.

शिवाय ही गुपितं कुणापासून राखली जातात ते पाहा. ज्याचा आजा याच काठावर वाढला, त्याला सगळं घरातच कळतं. कुठल्या खडकापाशी थांबायचं, कुठल्या वेळी निघायचं, कुणाच्या शेताच्या कडेनं गेलं तर चालतं. ज्याला काहीच कळत नाही तो माझ्यासारखा बाहेरून आलेला, मेक्सिकोतून आलेला, कोरियातून आलेला, किंवा शहराच्या दक्षिण भागातून पोराला घेऊन पहिल्यांदाच नदीवर आलेला बाप. वाहून जायचा धोका याच माणसाला सर्वांत जास्त, आणि त्याच्याच तोंडावर दार लावलं जातं. आपल्याकडचं उदाहरण घ्या: ८ जून २०१४ला हिमाचलच्या मंडी जिल्ह्यात थलौटपाशी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं बियासच्या पात्रात फोटो काढायला उतरली. वर लारजी धरणातून पाणी सुटलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. तीही परगावची मुलं होती. पात्र मोकळं होतं, उतरायला सोपं होतं, समोर रम्य नदी होती. पाणी केव्हा येतं आणि आलं तर कुठून पळायचं, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. बियासच्या खोऱ्यात ट्राउटसाठी जाणाऱ्या आपल्याकडच्या हौशी लोकांनीही हे ध्यानात ठेवावं.

आता काठाच्या मालकांकडे येतो. नदीकाठच्या एका वसाहतीच्या रखवालदारानं मला पाण्यात, पात्राच्या मधोमध उभा असताना, काठावरून हाकललं. मी त्यांच्या हिरवळीवर पाऊलही ठेवलं नव्हतं. असे प्रकार इथं नवे नाहीत. २०२३ साली जॉर्जियातल्याच फ्लिंट नदीवर एका जमीनमालकानं पात्राच्या निम्म्यावर आपला हक्क सांगून तिथली मासेमारीच बंद करवून घेतली. लोक खवळले. मार्चअखेर अधिवेशन संपता संपता विधिमंडळाला कायदा करावा लागला की नौका चालण्याजोग्या नद्यांमध्ये मासेमारीचा हक्क जनतेचा आहे. कायदा चांगला झाला. पण पाण्यावर हक्क मिळाल्यानं पाण्यापर्यंतची वाट मिळत नाही. नदी माझी आणि तिच्याकडे जाणारी प्रत्येक पायरी तुमची, अशा हक्काला काय करायचं?

मोंटाना राज्यानं हा प्रश्न कधीच सोडवला आहे. १९८४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आणि १९८५मध्ये कायद्यानं ठरवलं की काठ कुणाचाही असो, पाण्याच्या नेहमीच्या उच्च पातळीच्या रेषेपर्यंत कोणीही नदीतून फिरू शकतो. खाजगी शेत तुडवायची मुभा नाही, पण सार्वजनिक रस्त्याचा पूल जिथं नदी ओलांडतो तिथून खाली उतरता येतं. काही बड्या मालकांनी पुलांच्या तोंडाशी तारा ओढल्या, तेव्हा २००९ साली पुलावरून उतरायचा हक्कही कायद्यात पक्का केला. त्यानं मोंटानातले जमीनदार देशोधडीला लागले नाहीत आणि तिथले ट्राउटही संपले नाहीत.

चॅटहूचीवर पूल काही कमी नाहीत. पूर्वी जिथं तराफ्यांवरून माणसं-गाड्या पलीकडे जायच्या, तिथूनच आजचे बरेच रस्ते जातात. म्हणजे लोक त्या जागी पाण्यापर्यंत जात होते, बंगले उठायच्या कितीतरी आधीपासून. नदीच्या वायव्येकडची जमीन तर १८३२च्या सोडतीत चेरोकी लोकांच्या हातून काढून गोऱ्यांना वाटली गेली. त्या काठावर उभं राहून वडिलोपार्जित हक्काची भाषा करणाऱ्यांनी आधी तो इतिहास वाचावा.

नदी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनाही मी सोडणार नाही. ‘पाणी अचानक वाढू शकतं’ एवढं लिहिलेला फलक गाडी लावायच्या जागेत उभा केला की जबाबदारी संपत नाही. प्रत्येक उतरायच्या जागी दोन गोष्टी हव्यात. धरणातून सुटलेलं पाणी इथं साधारण किती वेळानं पोचतं, हे ठळक आकड्यांत. आणि पात्रातून, पाण्यात उभ्या माणसाला दिसेल अशी खूण, की बाहेर निघायची वाट इथं आहे. उभ्या मातीला पायऱ्या हव्यात, कठडा हवा. गुडघे दुखणाऱ्या साठीच्या माणसालाही या नदीत उभं राहता यायला हवं. तोही कर भरतो, तोही परवाना काढतो. हायवेच्या पुलाशेजारी चार गाड्यांपुरती जागा आणि खाली जाणारा एक पक्का जिना, याला कुठल्याही जिल्ह्याचं दिवाळं निघत नाही. त्याच जिल्ह्यांना काठावर नव्या वसाहतींना परवानगी देताना वाट राखून ठेवायची अट घालता येते. ती घालत नसतील तर ती त्यांची निवड आहे, आणि मत मागायला येतील तेव्हा ती त्यांना ऐकवायची आहे.

तोवर ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगायचं. मी सांगतो. धरणाच्या अगदी खाली उतरायचं तर वेळापत्रक ऐकल्याशिवाय आणि जॅकेटशिवाय नको. तिथं चूक सुधारायला वेळच मिळत नाही. सेटल्स ब्रिजला जुन्या लोखंडी पुलाचा नुसता सांगाडा उरला आहे, तो पाण्यातूनही दिसतो, म्हणून परतीची खूण म्हणून उत्तम. मेडलॉक ब्रिजला होड्यांचा उतार आहे. चढणीची भीती वाटणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. जोन्स ब्रिज आणि आयलंड फोर्डला खडकाळ, उथळ पट्टे आहेत, पाणी कमी असताना पायी फिरायला ते सर्वांत चांगले. पण तिथं लाट उशिरा येते, तेव्हा धरणाचं कालचं आणि आजचं, दोन्ही वेळापत्रकं पाहा. मॉर्गन फॉल्सच्या खाली कॉक्रन शोल्स आणि पेसेस मिल. तिथं हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात ते पाणी ट्राउटसाठी तापतं आणि धरलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही.

आणि कुठंही उतरलात तरी एक करा. काठालगतचा एक असा दगड हेरा ज्याचा माथा कोरडा आहे. दर थोड्या वेळानं त्याच्याकडे पाहा. माथा ओला झाला, पाण्यावरून काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, खळखळाट करणारी उथळ जागा मुकी झाली, की गळाला मासा असला तरी दोरी कापा आणि निघा. त्या क्षणी सगळ्यात सुंदर मासे लागतात असं सांगणारे भेटतील. पाणी चढू लागलं की काही वेळ मासे खरंच खवळतात. त्यापायी थांबू नका.

अल्फारेटा-सुवानीकडच्या माझ्या मराठी बांधवांना एवढंच सांगणं आहे. गणपतीत, दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमाला भेटतो तेव्हा शाळा, घरं, व्हिसा यांची सगळी माहिती आपण एकमेकांना न मागता देतो. नदीची माहितीही तशीच द्या. कुणी नवा माणूस विचारेल की चॅटहूचीवर कुठं उतरू, तर त्याला जागा सांगा, पाणी तिथं केव्हा पोचतं ते सांगा, आणि पहिल्या खेपेला त्याच्याबरोबर जाऊन बाहेर निघायची वाट दाखवा.